धाकटी अजून आली नाही

११ मार्च

ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोनचं काय, नाव बघून माणूस तो खुशाल वाजू देतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी दोन ओळी वाचल्या जातातच. तर त्या दोन ओळींत सांगते : आई आहे, बरी आहे, घाबरू नकोस. आता फाडलंस तरी चालेल.

नाही ना फाडलंस? मग ऐक.

आईचं विसरणं फार वाढलंय. आधी वस्तू विसरायची, आता माणसं विसरते. बाबा गेले हे तिला दर चार दिवसांनी नव्यानं कळायचं आणि दर वेळी ती नव्यानं रडायची, म्हणून हल्ली मी "बाबा कामावर गेलेत" एवढंच सांगते. शेजारच्या काकू आल्या की ही पलंगावरून उठून उभी राहते, कारण तिला त्या सूतगिरणीतल्या साहेबीण वाटतात. काकूंना ते आवडतं हे वेगळं सांगायला नको. मी दुकानात असते तेव्हा काकूच तिच्याजवळ बसतात, म्हणून मीही काही बोलत नाही.

मला मात्र ती ओळखते. खरं सांगायचं तर माझ्या वेणीला ओळखते. सकाळी मी तिच्या पलंगाशी बुटक्या स्टुलावर पाठ करून बसते. ती केस सोडते, विंचरते आणि वेणी घालता घालता विचारते, "काय गं धाकटे, आज दुकान लवकर का?" तोंडाकडे बघून तिला काही उमगत नाही. केसांत हात गेला की बोटं तिला सांगतात. जन्मभर सूत तपासलं तिनं. आठवतं ना, डोळे मिटून चिमटीत धागा धरायची आणि म्हणायची, हा लॉट चांगला, हा परत पाठवा. आपल्याला म्हणायची ती थोरली आणि धाकटी, नावानं कधी हाकच मारली नाही. आता तर नावं तिला ठाऊकही नाहीत. थोरली आणि धाकटी मात्र आहेत.

आणि मुद्दा असा आहे ताई, की माझे केस चाललेत.

हसू नकोस. पाळी बंद झाली तेव्हा मी म्हटलं, सुटले बाई एकदाची. मग अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप उडाली, गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. ते सगळं सोसलं, कारण त्याबद्दल बायका निदान बोलतात तरी. केसांचं कुणी चकार शब्दानं सांगितलं नव्हतं. फणीत गुंतवळ, उशीवर गुंतवळ, न्हाणीघराच्या जाळीत गुंतवळ. आपला भांग आई सरळ रेघेसारखा पाडायची ना, त्याची आता बोटभर पट्टी झालीये.

आणि मी बसते कुठे, तर चष्म्याच्या दुकानात! चहूकडे आरसे आणि डोक्यावर पांढरे दिवे. गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी बसवायची तर वाकावं लागतं, आणि वाकलं की टाळू उघडी. परवा एक आजोबा आले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवा नंबर. मी चष्मा चढवला, विचारलं, "दिसतंय का स्वच्छ?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अहो बाई, तुमचे केस गेले की हो!" अख्खं दुकान हसलं. मीही हसले. मग मागच्या खोलीत जाऊन काचा पुसत बसले.

शेवटची भांडून गेलीस तेव्हा जाताना तू म्हणाली होतीस, "तुझी वेणी तिच्या हातात आणि तिची दोरी तुझ्या हातात." आईनं तुझ्याकडे राहायला यावं असं तुला वाटत होतं, ती आली नाही आणि तू दोष मला दिलास. ते भांडण मला उकरायचं नाही. इतकंच कळव, तुझे केस कसे आहेत? तुझेही जातायत का गं?

धाकटी

२९ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. "माझे ठीक आहेत. डॉक्टरला दाखव." मोजून दोन वाक्यं. असो, इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजूनही तसंच तिरकं, घाईत असल्यासारखं.

दाखवलं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, वयानं तुझ्या-माझ्या मध्ये. रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, लोह थोडं कमी, त्याच्या गोळ्या दिल्या. बाकी म्हणाल्या, हे वयाचं आहे. पाळी गेली की बाईच्या अंगातली काही संप्रेरकं कमी होतात आणि टाळूवरचे केस दर वेळी आधीपेक्षा बारीक उगवतात. कितीतरी बायकांना होतं, तुम्हीच एकट्या नाही. मी म्हटलं, मग त्या सगळ्या कुठे लपून बसतात? त्या म्हणाल्या, "ओढणीखाली, टोपीखाली आणि घरात."

एक औषध दिलंय, रोज टाळूला लावायचं. सुरुवातीला उलट जास्त गळतील म्हणे, घाबरायचं नाही. फरक पडलाच तर काही महिन्यांनी, आणि थांबवलं की पुन्हा मूळपदावर. म्हटलं, औषध आहे की सासर?

मग त्यांनी भिंग लावून कपाळाजवळ बघितलं आणि विचारलं, "वेणी इतकी घट्ट कशाला घालता? इथले केस ओढून ओढून मुळापासून जातायत. हे मात्र वयाचं नाही हं. हे आजपासून बंद करा."

मी म्हटलं, "मी नाही घालत. आई घालते."

"मग आईला सांगा."

ताई, मला तिथेच रडू फुटलं. काय सांगू आईला? की आई, तू मला ज्यानं ओळखतेस ते सोड? डॉक्टरीणबाईंना वाटलं मी केसांसाठी रडतेय. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, हल्ली विग फार छान मिळतात.

घरी येऊन मी आईला म्हटलं, "आई, जरा सैल घाल ना." तिनं दोन पेड सैल घातले. तिसऱ्याला तिच्या बोटांनी आपोआप पीळ आवळला. सैल तिला येतच नाही. गिरणीत सैल पीळ म्हणजे बाद माल. दोन्ही कानांवरून कळ डोळ्यांपर्यंत आली, आणि मागून ती म्हणाली, "धाकटे, मान सरळ ठेव." मी ठेवली.

मला कळतंय मी मूर्खपणा करतेय. तू समोर असतीस तर वस्सकन अंगावर आली असतीस. म्हणूनच तुला लिहितेय, तू समोर नाहीस ते बरं आहे.

धाकटी

१७ एप्रिल

ताई,

औषधानं गळती वाढली. सांगितलं होतंच त्यांनी, पण डोळ्यांनी बघवत नाही.

परवा सकाळी आईनं केस हातात घेतले, तीन भाग केले, पुन्हा सोडले, पुन्हा केले. मग म्हणाली, "पेड भरत नाहीत." मी म्हटलं, असू दे, घाल तशीच. ती म्हणाली, "असू दे कसं? वजनात कमी आहे हे. कुणी घेतलं आत? परत पाठवा." आणि माझे केस सोडून दिले, वेणी न घालता. ताई, तिनं हात मागे घेतला ना, तेव्हा मला शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखं झालं. चोपन्न वर्षांची बाई मी.

मग मी अक्कल चालवली. बाजारात गेले आणि गंगावन आणलं. दुकानदारानं माझ्या केसांशी रंग जुळवून दिला. आधी माझे पांढरे रंगवले, मग त्याच्याशी काळं जुळवलं, म्हणजे खोट्याला खोटं. खरे केस आहेत, हातानं गुंफलेले, असं तो शपथेवर सांगत होता. कुणाचे आहेत हे मी विचारलं नाही. कुठल्या बाईनं का कापून दिले असतील, हा विचार डोक्यात आला तसा झटकून टाकला.

दुसऱ्या दिवशी ते नीट पिनांनी अडकवून स्टुलावर बसले. आईनं हात घातला. वरपासून खालपर्यंत एकदा फिरवला. मग चिमटीत माझा एक केस धरला, त्यातला एक धरला, आणि दोन्ही बोटांत फिरवून बघितले. तीच जुनी सवय, डोळे मिटून.

"हे दोन लॉटचं सूत एकत्र केलंय," ती म्हणाली. "कुणी केली ही लबाडी?"

आणि जोरात ओढून काढलं. पिनांसकट. टाळूवर रक्त आलं. मी "आई गं" म्हणून ओरडले. ती घाबरली आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारायला लागली, "तुम्ही कोण? माझ्या धाकटीचे केस का घातलेत तुम्ही?"

तिला वाटलं मी तिच्या मुलीचे केस कापून घातलेत. काकू धावत आल्या, त्यांनी समजूत काढली. साहेबीणबाईंनी सांगितलं म्हणून ती शांत झाली.

मी दुकानात गेले आणि दिवसभर दांड्यांचे स्क्रू आवळले. मालक म्हणाले, आज अगदी मन लावून काम चाललंय.

धाकटी

८ मे

ताई,

मी केस कापले. पार कानाच्या वर. पार्लरवाली पोरगी म्हणाली, "मॅडम, स्मार्ट दिसाल, दाट वाटतील." कात्री चालवताना तिनं वेणी म्हणून काही कापलंच नाही, कापण्यासारखं राहिलंच नव्हतं. खाली पडलेले तिनं झाडूच्या एका फटकाऱ्यात गोळा केले. आरशात बघितलं तर खरंच वाईट दिसत नव्हते. डोकं हलकं झालं होतं. रस्त्यानं चालताना मानेला वारा लागला आणि क्षणभर बरंसुद्धा वाटलं. हे तुला लिहायला लाज वाटतेय, पण वाटलं.

घरी आले. आई खिडकीशी बसली होती. मी आत पाऊल टाकलं आणि ती माझ्याकडे बघून हसली. पोटभर हसली गं, कित्येक महिन्यांनी. मला वाटलं, ओळखलं! चेहऱ्यावरून ओळखलं!

ती म्हणाली, "आई, किती उशीर केलास."

आईची आई, आपली आजी, तुला आठवत असेल, मला फोटोतली आठवते. तिचेही या वयात असेच गेले होते, टाळू दिसायची. आईच्या बोलण्यात पूर्वी यायचं ते, आणि तेव्हा मी कधी कान दिला नाही. म्हणजे हे माझं आजीकडून आलंय. आणि आईनं मला तिच्याच जागी नेऊन बसवलंय.

गंमत बघ, आई म्हणून ती माझं सगळं ऐकते. निमूट जेवते. औषध घेते. अंघोळीला किती त्रास द्यायची, आता "हो आई" म्हणून उठते. काकू म्हणतात, तुझ्या नाकी नऊ आले होते, आता सुटलीस. सुटले खरी.

फक्त संध्याकाळ झाली की ती खिडकीशी जाते आणि रस्त्याकडे बघत राहते. "आई, धाकटी अजून आली नाही गं."

मी समोर उभी असते ताई. पदराला हात पुसत.

पहिल्या दिवशी म्हटलं, "अगं मीच धाकटी." ती हसायला लागली. "काहीतरीच काय आई! माझ्या धाकटीची वेणी कमरेपर्यंत आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगून बघितलं तर रडायला लागली, म्हणाली, माझी थट्टा करू नकोस, तिला काही झालंय का ते सांग. तेव्हापासून मी म्हणते, "येईल हं." रोज म्हणते. आणि ती रोज वाट बघते, माझीच, माझ्याजवळ बसून.

तुला सांगू? मला तिचा हेवा वाटतो. त्या धाकटीचा. जिची कुणी एवढी वाट बघतंय.

तुझी बहीण

२ जून

ताई,

तू लिहिलंस, "मी काय करू शकते ते सांग." विचारलंस म्हणून सांगते, आणि पुढचं वाचून मला वेड लागलंय असं म्हणू नकोस.

इकडे ये. एक दिवस पुरे. तुझे केस ठीक आहेत म्हणालीस. तुझे बाबांच्या वळणाचे, ते कधी जायचे नाहीत असं आई नेहमी म्हणायची. लांब आहेत ना अजून? रंगवतेस ना? पाठमोऱ्या आपण दोघी सारख्याच होतो, शाळेत तुझ्या वाटच्या छड्या मी खाल्ल्यात. तू तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बस. तोंड दाखवू नकोस, बोलू नकोस फार. तिला वेणी घालू दे.

तिला वाटेल धाकटी आली.

आईला फसवायचं का, म्हणशील. ताई, ती हल्ली जेवताना अर्धा घास बाजूला काढून ठेवते, धाकटीला म्हणून. खिडकीशी उभी राहून पाय सुजलेत तिचे. मला हे बघवत नाही. रोज दारातून मीच आत येते आणि तिला धाकटी आल्याचं सुख नाही. मी तिला मी आणून देऊ शकत नाही. तू देऊ शकतेस.

जुनं काही काढणार नाही, शब्द देते. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. बघ, हसले मी लिहिताना. ये.

तुझी

२१ जून

ताई,

नीट पोचलीस का? घाईत निघालीस, चहासुद्धा अर्धा टाकून.

तू आलीस त्याबद्दल तुझे उपकार फिटायचे नाहीत. दारात तुला बघितलं आणि मी आधी तुझी पिशवीच हातातून घेतली. तूसुद्धा माझ्या डोक्याकडे बघितलंस आणि पटकन नजर वळवलीस. सगळे तसंच करतात, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी वेणी मात्र बघतच राहिले. देवानं काय वाटणी केलीये आपल्यात!

तू स्टुलावर बसलीस. आईनं हात घातला. मी दाराशी उभी होते, मला तिचं तोंड दिसत होतं, तुला नाही. ते तुला सांगायला हवं म्हणून लिहितेय. पहिल्यांदा ती दचकली. मग दोन्ही हातांनी वेणी धरून तिनं तोंडाशी नेली. डोळे मिटले. आणि म्हणाली, "आलीस? किती वाट बघायला लावायची माणसानं."

ताई, ते माझ्यासाठी होतं. मी चार पावलांवर होते.

मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी लहान मुलीसारखी म्हणाली, "आई, तू जरा बाहेर जातेस? मला धाकटीशी बोलायचंय." मी गेले. दार लोटून घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, ऐकू येऊ नये म्हणून. दाराला कान लावून बसावंसं वाटत होतं, पण म्हटलं, तिनं बाहेर जा म्हटलंय.

तू बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं, "काय म्हणाली?" तू म्हणालीस, "काही नाही गं. असंच आपलं."

असंच आपलं नव्हतं ते. मला माहीत आहे ती कधी कुणाला बाहेर जा म्हणते. बाबांच्या आजारपणात डॉक्टरांशी बोलायचं होतं तेव्हा म्हणाली होती.

त्या दिवसापासून ती खिडकीशी जात नाही. धाकटी येऊन गेली ना. पलंगावर पडून असते, शांत. तू म्हणालीस तसं झालं, जीव थंडावला तिचा. मला आनंद व्हायला हवा.

काय म्हणाली ते कळव. सवडीनं कळव, पण कळव.

तुझी

३० जुलै

ताई,

आई गेल्याचं तार केल्यासारखं एका वाक्यात कळवलं होतं, आता लिहिते. झोपेतच गेली. सकाळी मी दूध घेऊन गेले तर हात गार. तू आली नाहीस. मी रागावलेली नाही. काकू होत्या, मालक दुकान बंद करून आले, सगळं झालं.

आदल्या संध्याकाळी तिनं मला विचारलं होतं, "आई, तू जेवलीस का?" मी हो म्हटलं. हे आमचं शेवटचं बोलणं. ती मुलगी म्हणून बोलली आणि मी आई म्हणून उत्तर दिलं. माझ्या आईनं मला शेवटचं धाकटी कधी म्हटलं, ते एप्रिलमधलं म्हणावं लागेल, आणि तेसुद्धा "माझ्या धाकटीचे केस का घातलेत" असं. पिना उपटताना.

आणि हसायची गोष्ट म्हणजे, कपाळाजवळ लव आलीये. औषध लागू पडतंय. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघून माझी पाठ थोपटली. "बघा, ओढणं थांबलं आणि आले की नाही?" मी म्हटलं, हो, ओढणं थांबलं. त्यांच्या ध्यानात आलं नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि हमसून हमसून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, "फार गेलेत का हो तुमचे?" मी म्हटलं, फार गेलेत.

ताई, आता शेवटचं मागते. त्या दिवशी दार लावल्यावर ती काय बोलली? तुझ्याजवळ बोलली हे खरं, पण तुला नाही बोलली. ते माझं आहे. चुकीच्या पत्त्यावर पडलेलं माझं टपाल आहे ते. शिव्या दिल्या असतील तरी दे. "तू मला बांधून ठेवलंस" म्हणाली असेल, तू म्हणाली होतीस तसं, तरी चालेल, ऐकून घेईन. तुला वाटत असेल मला लागेल. अगं, न कळण्यानं जे लागतंय त्याहून जास्त काय लागणार?

मी दुकानात कुणाच्या कानामागे दांडी बसवते आणि मनात तेच, काय म्हणाली असेल. दोनदा चुकीच्या नंबरच्या काचा बसवल्या. मालकांनी त्या स्वतःच काढून बदलल्या, तेच जास्त लागलं.

सांग ना गं.

धाकटी (आता या नावानं कुणी हाक मारत नाही, म्हणून स्वतःच लिहिते)

१९ ऑगस्ट

ताई,

काल तुझा फोन आला आणि मी एक अक्षर बोलू शकले नाही, म्हणून हे लिहितेय. तू रडत होतीस आणि मी नुसतं "हं, हं" करत होते. तुला वाटलं असेल मी दगड झालेय. तसं नाही.

तू जे सांगितलंस ते मी पुन्हा लिहून बघते. बरोबर आहे का बघ.

वेणी घालता घालता ती म्हणाली, "धाकटे, ऐक. आपली आई फार दमलीये गं. माझं सगळं तीच करते, हागणंमुतणंसुद्धा. तिच्याकडे कुणी बघत नाही. तिचे केस बघितलेस? किती झडलेत. कुणी तिला विचारतसुद्धा नाही, काय होतंय म्हणून. मी गेले की ती एकटी पडेल. तू तिला एकटं टाकू नकोस."

तू विचारलंस, "थोरलीला सांगू का?"

ती म्हणाली, "नको. थोरलीला नाही जमायचं. तूच बघ. हो म्हण."

आणि तू हो म्हणालीस. मग चहा अर्धा टाकलास आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस. "कोणत्या तोंडानं तुला सांगणार होते?" असं काल विचारत होतीस. थोरलीला नाही जमायचं, हे तिनं तुझीच वेणी हातात धरून म्हटलं, ते तुला किती लागलं असेल ते मला कळतं. त्याच्यासाठी मी तुला काही बोलणार नाही. तिला माहीत नव्हतं समोर कोण बसलंय.

तिला कुणीच माहीत नव्हतं. पण तिनं बघितलं होतं, ताई. एवढे महिने मला वाटत होतं की माझी टाळू दिसली आणि मी तिच्यातून पुसले गेले. ती रोज बघत होती. घरात एक बाई आहे, तिचे केस चाललेत, ती दमलीये, तिला कुणी नाही. एवढं सगळं कळत होतं तिला. फक्त ती बाई म्हणजे मी, हे कळत नव्हतं.

आणि मग तिनं तिच्यासाठी माणूस नेमलं. सगळ्यांत भरवशाचं. थोरलीला नाही जमायचं म्हणाली आणि धाकटीच्या गळ्यात टाकलं.

तू येते म्हणालीस, आता तुझ्याजवळ राहायला चल म्हणालीस. नको गं. तू त्या दिवशी हो म्हणालीस ते माझ्या नावानं म्हणालीस. तो शब्द माझा झाला, तो मलाच पाळायला हवा. त्या बाईला एकटं टाकायचं नाही.

नाही टाकणार. सकाळी उठून तिला चहा देईन, तिच्या टाळूला औषध लावीन, काय होतंय म्हणून विचारीन. पण ताई, घरात दुसरं कुणी नाही गं. विचारणारीही मीच आणि उत्तर देणारीही मीच.

धाकटी